बेल एजंटाला आपल्या घरात शिरण्याचा अधिकार नेमका कोण देतो?

ओसरी (धागाकर्ता)

नमस्कार. कॅलिफोर्नियात येऊन आम्हाला अठरा वर्षे झाली, तरी ‘बेल बॉन्ड्स’ हे शब्द मी आजवर फक्त न्यायालयाजवळच्या दुकानांच्या पाट्यांवर वाचले होते. मागच्या आठवड्यात पत्नीच्या मावसभावाला एका भांडणाच्या प्रकरणात अटक झाली, ५०,००० डॉलरचा जामीन ठरला आणि रात्री साडेदहा वाजता आम्ही दोघे अशाच एका दुकानात, म्हणजे फी घेऊन आरोपीला जामीन राहणाऱ्या बेल एजंटाकडे, जाऊन बसलो. फी दहा टक्के, म्हणजे ५,००० डॉलर. खटल्याचा निकाल काहीही लागला तरी ती परत मिळत नाही. २,००० डॉलर आम्ही तिथेच भरले, उरलेल्याचे हप्ते बांधून घेतले आणि हमीदार म्हणून मी सही केली. पहाटे तो मुलगा सुटून आपल्या घरी गेला.

कागदपत्रे अकरा पानांची होती आणि ती मी घरी आल्यावर वाचली. चूक माझीच आहे, त्यामुळे त्याबद्दल कोणी बोलणार असेल तर ते मी आधीच ऐकून घेतले आहे असे समजावे. एका कलमात म्हटले आहे की आरोपी तारखेला हजर राहिला नाही, तर त्याला शोधून आणण्याचा सगळा खर्च माझ्याकडून वसूल होईल. दुसऱ्या कलमानुसार त्याच्या शोधासाठी कंपनीच्या माणसांना माझ्या घरात कोणत्याही वेळी येऊ देण्यास मी संमती दिली आहे. मी फोन करून विचारले, तेव्हा एजंट म्हणाला की आम्हाला वॉरंट लागत नाही, तसा दीडशे वर्षांपूर्वीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकालच आहे. पोलिसालाही सहसा वॉरंटशिवाय घरात शिरता येत नाही, मग एका खासगी व्यावसायिकाला ते कसे चालते? आणि हप्ता चुकला तर तो मुलाला पुन्हा तुरुंगात नेऊन सोडू शकतो का? जाणकारांनी कृपया सांगावे.

निवाडा

मी कॅलिफोर्नियातल्या एका वकिलाच्या कार्यालयात काम करतो, पण स्वतः वकील नाही. त्यामुळे हे माहिती म्हणून वाचा आणि कागद एखाद्या वकिलाला जरूर दाखवा.

तुमच्या एजंटाने सांगितले त्यातले निम्मे खरे आहे. तो ज्या निकालाबद्दल बोलतो तो १८७२ सालचा ‘टेलर विरुद्ध टेंटर’. त्यात न्यायालयाने लिहिले आहे की जामीन झाल्यावर आरोपी जामीनदाराच्या ताब्यात दिला आहे असे मानले जाते आणि हा ताबा म्हणजे मूळ कैदेचाच पुढचा भाग असतो. म्हणून जामीनदार त्याला हवे तेव्हा पकडून न्यायालयाच्या हवाली करू शकतो, त्यासाठी आपला माणूस पाठवू शकतो, दुसऱ्या राज्यात त्याचा पाठलाग करू शकतो, रविवारीही धरू शकतो आणि गरज पडल्यास त्याच्या घराचे दार तोडू शकतो. बेल एजंटांचा सगळा धंदा या एका परिच्छेदाच्या आधारावर उभा आहे.

गंमत अशी की त्या खटल्यात कोणीही कोणाचे दार तोडले नव्हते. कनेक्टिकटमध्ये ८,००० डॉलरच्या जामिनावर सुटलेला आरोपी न्यूयॉर्कला गेला, तिथल्या राज्यपालांनी त्याला तिसऱ्याच गुन्ह्यासाठी मेन राज्याच्या स्वाधीन केले आणि त्यामुळे तो कनेक्टिकटच्या न्यायालयात हजर होऊ शकला नाही. जामीनदारांचे म्हणणे होते की सरकारनेच त्याला दुसरीकडे नेले, तर आम्ही पैसे का भरावेत? न्यायालयाने त्यांचे ऐकले नाही. तुम्हाला एवढे अधिकार होते, तुम्ही त्याला राज्याबाहेर जाऊच द्यायला नको होते, हे पटवण्यासाठी अधिकारांची ती लांबलचक यादी आली आहे. म्हणजे ज्या निकालाच्या जोरावर आजचे एजंट बोलतात, त्या निकालात जामीनदार हरले होते, आणि तो प्रसिद्ध परिच्छेद प्रत्यक्ष वादाचा निर्णय नसून ओघात केलेले विधान आहे.

आता तुमच्या दाराबद्दल. त्या परिच्छेदातले घर आरोपीचे आहे, तुमचे नाही. एजंटाचा अधिकार आरोपीबरोबरच्या करारातून येतो. जामीन मिळवताना आरोपी स्वतःवरचा तो ताबा मान्य करतो. तिसऱ्या माणसाने असे काहीच मान्य केलेले नसते, म्हणून त्याच्या घरात त्याच्या संमतीशिवाय शिरणे हा सामान्यतः अतिक्रमणाचा किंवा त्याहून गंभीर गुन्हा ठरू शकतो. तुम्ही मात्र ती संमती आगाऊच लिहून दिली आहे. तुमचे दार उघडणारा कागद १८७२ सालचा नाही, मागच्या आठवड्यातला आहे.

दूरदेशी

वरच्या प्रतिसादात एक भर घालतो, कारण मी टेक्सासमध्ये राहतो आणि इथले नियम फार वेगळे आहेत. फरारी आरोपीला पकडण्याचे वॉरंट इथे एजंट कोणाच्याही हाती देऊ शकत नाही. त्यासाठी पोलीस अधिकारी, परवानाधारक खासगी गुप्तहेर किंवा सशस्त्र पहारेकऱ्याचा अधिकृत परवाना असलेली व्यक्ती लागते. गुप्तहेर आला तरी राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय त्याला घरात पाऊल टाकता येत नाही. त्याच्याजवळ एजंटाचे लेखी अधिकारपत्र असावे लागते आणि तो सरकारी माणूस आहे असे वाटेल असा गणवेश किंवा बिल्ला त्याला वापरता येत नाही. म्हणजे तो प्रसिद्ध परिच्छेद टेक्सासच्या कायद्याने बराचसा कापून टाकला आहे. इलिनॉय, केंटकी, ओरेगन आणि विस्कॉन्सिनने तर पैसे घेऊन जामीन राहण्याचा धंदाच बंद केला आहे, आणि इलिनॉयने १८ सप्टेंबर २०२३ पासून रोख जामिनाची पद्धतच काढून टाकली. त्यामुळे ‘अमेरिकेत बेल एजंटाला काय करता येते’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. राज्य सांगितल्याशिवाय कोणी उत्तर देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

निवाडा

अगदी बरोबर, आणि ओसरी यांच्यासाठी महत्त्वाचा कायदा कॅलिफोर्नियाचा आहे. इथे फरारी आरोपीला पकडायला जाणाऱ्याने त्या प्रयत्नापूर्वी, पण सहा तासांहून आधी नव्हे, स्थानिक पोलिसांना किंवा शेरीफला कळवावे लागते. आणीबाणीची परिस्थिती एवढाच त्याला अपवाद. आपण पोलीस आहोत असे भासवता येत नाही, तसा गणवेश किंवा बिल्ला चालत नाही, आणि बळाने आत शिरायचे तर दंडसंहितेच्या कलम ८४४ च्या मर्यादेतच शिरावे लागते. म्हणजे आधी आत येण्याची मागणी करायची, कशासाठी आलो ते सांगायचे, आणि आरोपी आत आहे असे मानायला सबळ कारणही असले पाहिजे. पकडलेल्या माणसाला ४८ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे किंवा तुरुंगात हजर करावे लागते. सुटीचे दिवस यात धरत नाहीत. बाहेरच्या राज्यातला एजंट आला तर त्याने आधी इथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडून वॉरंट घ्यायचे असते. १९७४ च्या एका निकालात फेडरल अपील न्यायालयाने हेच म्हटले होते. नेवाडाच्या एजंटांनी कॅलिफोर्नियात येऊन हे न करता माणूस पकडला होता, आणि जुना सामायिक कायदा, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडत आलेला कायदा, कॅलिफोर्नियाने त्या बाबतीत बाजूला सारला आहे असे न्यायालयाने ठरवले.

हप्त्याच्या प्रश्नाबद्दल. मुदतीआधी आरोपीला परत तुरुंगात सोडण्याचा मार्ग एजंटाला आहे. पण आरोपीने तारीख चुकवलेली नसताना, न्यायालयाचा कोणताही आदेश मोडलेला नसताना आणि योग्य कारण नसताना त्याने तसे केले, तर फी पूर्ण किंवा काही प्रमाणात परत करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. त्यामुळे हप्त्यासाठी कोणी धमकावले तर ती धमकी लेखी मागून घ्या. बहुतेक वेळा ती लेखी येत नाही.

खडूस मास्तर

हे सगळे वाचून मला तो हवाईचा लांब केसांचा टीव्हीवरचा बाउंटी हंटर, म्हणजे पैशासाठी फरारी माणसे पकडणारा, आठवला. तो मेक्सिकोत जाऊन एका श्रीमंत बलात्काऱ्याला पकडून आला होता ना? त्याला कोणी विचारले नाही ते?

दूरदेशी

विचारले, मास्तर, आणि चांगलेच विचारले. ड्वेन चॅपमनने १८ जून २००३ रोजी पोर्तो व्हायार्ता इथे अँड्र्यू लस्टरला पकडले. लस्टरने कॅलिफोर्नियात दहा लाख डॉलरचा जामीन स्वतः रोख भरला होता, म्हणजे त्याच्यामागे कोणी बेल एजंट नव्हताच. चॅपमनला पाठवणारा जामीनदार नाही आणि मेक्सिकोच्या कायद्यात असा अधिकार नाही, अशी दुहेरी अडचण होती. मेक्सिकोच्या पोलिसांनी चॅपमनलाच अटक केली, तो तिथे जामिनावर सुटून मायदेशी परतला, आणि २००६ मध्ये मेक्सिकोच्या विनंतीवरून अमेरिकी मार्शलांनी त्याला हवाईत पुन्हा धरले. पुढे मेक्सिकोतला खटला बारगळला. जप्त झालेल्या जामिनातून खर्च मिळावा म्हणून त्याने केलेला अर्जही कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने फेटाळला.

याहून जुने आणि अधिक बोधक उदाहरण कॅनडाचे आहे. फ्लोरिडात जमिनीच्या व्यवहारांच्या खटल्यात जामिनावर असलेला सिडनी जाफे टोरंटोला राहत होता. १९८१ मध्ये दोन अमेरिकी माणसांनी त्याला घराजवळून उचलून फ्लोरिडात आणले. कॅनडाने त्या दोघांवर अपहरणाचा आरोप ठेवून त्यांची मागणी केली. त्यांनी टेलर निकालाचा आधार घेऊन पाहिला, पण १९८३ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने प्रत्यार्पण योग्य ठरवले. जामीनदाराचा हा अधिकार अमेरिकेच्या सीमेपलीकडे जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १८६९ मध्येच, म्हणजे टेलर निकालाच्या आधीच, सांगून ठेवले होते.

भीमाकाठ

मी सोलापूरकडे वकिली करतो. या धाग्यावर एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण आपल्याकडचे वाचक ‘जामीनदार’ हा शब्द वाचून दोन्ही व्यवस्था एकच समजतील.

आपल्याकडचा जामीनदार आणि तुमच्याकडचा बेल एजंट यांच्यात जवळपास काहीच साम्य नाही. पैसे घेऊन जामीन राहण्याचा व्यवसाय जगात अमेरिका आणि फिलिपिन्स या दोनच देशांत रुजला. आपला कायदा इंग्रजी परंपरेतून आला आहे, आणि तिथे असे मानतात की जामीनदाराच्या खिशाला झळ बसण्याची भीती हाच आरोपीला हजर ठेवणारा धागा आहे. म्हणून जामीनदाराची भरपाई दुसऱ्याने करून देण्याचा करारच इंग्लंडमध्ये १८८५ पासून बेकायदेशीर ठरला, १९७६ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, आणि आपल्याकडे असा करार भारतीय करार अधिनियमाच्या कलम २३ खाली, सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून, रद्दबातल मानला जातो. ओसरी यांनी सही केलेला ‘मी एजंटाला भरपाई देईन’ हा कागद सोलापूरच्या न्यायालयात घेऊन आले तर त्याची किंमत रद्दीएवढी होईल.

आता अधिकाराचे पाहा. जामिनावर सोडवलेला माणूस पळण्याच्या बेतात आहे असे जामीनदाराला वाटले, तर तो काय करू शकतो? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८९ खाली (पूर्वीचे कलम ४४४) तो मला मोकळे करा असा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्याकडे करू शकतो. न्यायदंडाधिकारी वॉरंट काढून आरोपीला बोलावतात, तो हजर झाल्यावर जामीनदार सुटतो आणि आरोपीला दुसरा जामीनदार द्यावा लागतो. जामीनदाराने स्वतः जाऊन मानगूट धरण्याची सोय कुठेही नाही. उद्घोषित गुन्हेगाराला, म्हणजे न्यायालयाने फरारी जाहीर केलेल्याला, कलम ४० खाली कोणीही खासगी व्यक्ती पकडू शकते आणि सहा तासांच्या आत तिने त्याला पोलिसांकडे द्यायचे असते, पण तो अधिकार जामीनदाराला जेवढा, तेवढाच चौकातल्या पानवाल्यालाही.

जबाबदारी मात्र पूर्ण आहे. आरोपी पळाला तर कलम ४९१ खाली जामीनदाराला नोटीस येते, रक्कम दंडासारखी वसूल होते, आणि ती वसूल झालीच नाही तर त्याला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कारागृहात ठेवता येते. गावाकडे मी हे पाहिले आहे. पुतण्यासाठी सातबारा घेऊन उभे राहिलेले चुलते तीन वर्षांनी नोटीस घेऊन कार्यालयात येतात आणि विचारतात, ‘साहेब, मी त्याला बांधून आणू का?’ मला सांगावे लागते की बांधून आणलेत तर आरोपी तुम्ही व्हाल. तुमच्या देशात एजंटाकडे बळ आहे आणि फीही आहे. आमच्या चुलत्याकडे दोन्ही नाही.

खडूस मास्तर

वकीलसाहेब, तुमचे चुलत्यांबद्दलचे म्हणणे मान्य, पण जिल्हा न्यायालयाच्या आवारात झाडाखाली बसून शंभरेक लोकांना जामीन राहणारी मंडळीही आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांना काय म्हणायचे?

भीमाकाठ

बेकायदेशीर म्हणायचे. कलम ४८६ खाली प्रत्येक जामीनदाराला आपण आधी किती जणांना जामीन राहिलो आहोत हे जाहीर करावे लागते. झाडाखालची मंडळी ते खोटे लिहितात, बनावट ऐपतदाखले आणि शिधापत्रिका जोडतात, आणि सापडले तर फसवणुकीचा गुन्हा दाखल होतो. पण त्यांच्याकडे लोक का जातात हेही पाहायला हवे. परजिल्ह्यातून मजुरीला आलेल्या माणसाला इथला ऐपतदार जामीनदार आणायचा कुठून? १९७८ च्या मोतीराम प्रकरणात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला १०,००० रुपयांचा जामीन सांगितला होता, आणि त्याच्या भावाचा जामीन, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून, न्यायदंडाधिकाऱ्यांनी नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. पन्नास वर्षे होत आली तरी स्थानिक जामीनदाराचा हट्ट पुरता सुटलेला नाही.

शिवारफेरी

मी अर्थशास्त्र शिकवते, म्हणून एक वेगळी बाजू मांडते. बेल एजंटांवर टीका करणे सोपे आहे, पण त्यांच्या बाजूने एक गंभीर युक्तिवादही आहे. हेलंड आणि तबारोक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये अमेरिकी आकडेवारीवर अभ्यास प्रसिद्ध केला. इतर बाबी सारख्या असताना, एजंटाच्या बॉन्डवर सुटलेले आरोपी तारीख चुकवण्याचे प्रमाण जातमुचलक्यावर सुटलेल्यांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी निघाले, आणि तारीख चुकवलेल्यांपैकी दीर्घकाळ फरारी राहण्याचे प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी होते. हे काम करदात्याच्या पैशाशिवाय होते. स्वतःचे ५०,००० डॉलर जाणार असतील तर माणूस आरोपीला शोधतो. पोलिसांकडे तारीख चुकवलेल्यांची वॉरंटे वर्षानुवर्षे पडून राहतात.

निवाडा

अभ्यास मलाही माहीत आहे, आणि आकड्यांशी माझा वाद नाही. प्रश्न हा आहे की जो शोधतो तो कोणाच्या नियमांखाली शोधतो. पोलिसाने तुमच्या घटनात्मक हक्कांचे उल्लंघन केले तर त्याच्यावर फेडरल कायद्याखाली दावा करता येतो. एजंट खासगी माणूस असल्यामुळे तो दावा बहुतेक वेळा तिथेच अडखळतो. १९८७ च्या जॅक्सन विरुद्ध पँटाझेस या मेरीलँडच्या खटल्यात एजंट पोलिसाला बरोबर घेऊन आरोपीच्या आईच्या घरात घुसला, आणि पोलिसाची मदत घेतली म्हणून तो राज्याच्या अधिकाराखाली वागला असे अपील न्यायालयाने मानले. पोलीस बरोबर नसता तर त्या आईला हा मार्ग मिळणे अवघड होते, फक्त अतिक्रमणाचा किंवा मारहाणीचा साधा दावा उरला असता. म्हणजे एजंट जितका एकटा, तितका घटनेच्या कक्षेबाहेर. ही रचना उलटी आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि म्हणूनच कॅलिफोर्निया आणि टेक्साससारखी राज्ये कायदे करून ती पोकळी थोडीथोडी भरत आली आहेत.

ओसरी

सर्वांचे आभार. भीमाकाठ यांचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते एकदा शेजाऱ्याला जामीन राहिले होते, त्यामुळे त्यांना तो फार पटला.

मी एजंटाला लेखी कळवले की आरोपी माझ्या घरी राहत नाही आणि घरप्रवेशाची संमती मी मागे घेत आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. आणखी एक शंका आहे. उरलेल्या ३,००० डॉलरचे हप्ते मुलाने थकवले तर ते माझ्याकडून वसूल होतील का? आणि तो समजा खरोखरच पळाला, तर ५०,००० डॉलर लगेच द्यावे लागतात का?

निवाडा

दुसऱ्याचे आधी सांगतो. न्यायालयाने जामीन जप्त केला तरी कॅलिफोर्नियात एजंटाला साधारण १८० दिवसांची मुदत मिळते, नोटीस टपालाने आली तर आणखी ५ दिवस, आणि योग्य कारण दाखवल्यास ती वाढवूनही मिळते. त्या काळात आरोपी हजर झाला किंवा आणला गेला, तर जप्ती रद्द होऊ शकते. त्यामुळे तारीख चुकली म्हणून दुसऱ्याच दिवशी कोणी ५०,००० मागत असेल तर न्यायालयाचा कागद दाखवा म्हणावे. शोधाच्या खर्चाची मागणी मात्र त्याआधी येऊ शकते, आणि ती तपशीलवार पावत्यांसह मागावी.

पहिल्याबद्दल तुमच्या बाजूने एक चांगला निकाल आहे. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने ठरवले की हप्त्याने घेतलेली जामिनाची फी हे ग्राहककर्ज आहे. म्हणून सहकर्जदाराला सही करण्याआधी, तुम्हाला हे पूर्ण कर्ज फेडावे लागू शकते, अशी कायद्याने ठरवून दिलेली सूचना द्यावी लागते. ती दिली नसेल तर एजंटाला ती थकबाकी सहकर्जदाराकडून वसूल करता येत नाही. अकरा पानांत ती सूचना आहे का ते पाहा. हा निकाल फीच्या हप्त्यांबद्दल आहे, पूर्ण रकमेच्या भरपाईला तो तसाच लागू होईल असे धरून चालू नका. आणि एजंटाने एखाद्या वकिलाचे नाव सुचवले असेल तर तेही लिहून ठेवा, कारण इथल्या नियमांनुसार त्याला वकील सुचवण्याची मनाई आहे.

ओसरी

अकरा पाने पुन्हा दोनदा वाचली. ती सूचना कुठेही नाही. वकिलाचे कार्ड मात्र कागदांना टाचणीने लावलेले होते, ते आम्ही कार्यालयाकडून मिळालेली सौजन्याची भेट समजत होतो.

एजंटाचा आज फोन आला. प्रवेशाच्या कलमावर काट मारलेले पान तो ईमेलने पाठवणार आहे, आणि ते आल्याशिवाय मी पुढचा हप्ता भरू देणार नाही असे त्याला सांगितले आहे. उद्या दुपारी एका वकीलबाईंना सगळे कागद दाखवतो आहे. मुलाची पुढची तारीख महिन्याअखेरीस आहे. मी त्या दिवशी रजा टाकली असून न्यायालयात त्याला माझ्याच गाडीतून नेणार आहे.